मानवशास्त्रात एमए करताना: वंशवेल, मोजमाप आणि फील्डवही

मानवशास्त्राला प्रवेश घेतलेले बरेच विद्यार्थी पहिलं वर्ष वाचनात आणि नोट्स काढण्यात घालवतात, आणि फील्डवर्क शिकायला सुरुवात करतात ती थेट गावात पोचल्यावर. दोन वर्षांचं गणित तिथेच चुकतं. वंशवेल काढणं, उंची अचूक मोजणं, दुपारी झालेलं बोलणं त्याच रात्री लिहून काढणं ही हाताने शिकायची कामं आहेत. पहिल्या सत्रापासून, घरच्या आणि वर्गातल्या माणसांवर ती केली, तरच चौथ्या सत्रातला प्रकल्प उभा राहतो. त्यामुळे इथे पुस्तकांबद्दल थोडं आणि या कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

प्रवेश आणि क्रेडिट

विषयाच्या चार शाखा: जैविक, सामाजिक-सांस्कृतिक, पुरातत्त्वीय आणि भाषिक. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इरावती कर्वे ज्या डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या तिथे आज पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र यांचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. हाडं-दगडी हत्यारं किंवा बोली यांतच रस असेल तर तोच रस्ता सरळ. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी वाढवलेला. फील्डवर्क तिथेही होतं, पण शरीरमापन आणि मानवी उत्क्रांती हा भाग समाजशास्त्रात नसतो. प्रवेश घेण्याआधी हा फरक नीट समजून घ्या, कारण सहा महिन्यांनी विषय बदलणं महागात पडतं.

पदवीला कोणता विषय होता यावरून तुमची कच्ची बाजू ठरते. कला शाखेतून आलात तर पहिल्या महिन्यात तीन गोष्टी उरकून टाका: मुख्य हाडांची नावं आणि कवटीचे भाग, मेंडेलचे नियम रक्तगटाच्या उदाहरणासह, आणि सरासरी-प्रमाण विचलन हाताने काढणं. विज्ञान शाखेतून आलात तर एका समाजाचं सखोल वर्णन करणारं एक अख्खं पुस्तक, म्हणजे मोनोग्राफ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. सारांश वाचून हा विषय कळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या आराखड्यात दोन वर्षांची एमए ८८ क्रेडिटची आहे. संशोधनपद्धतीचे ४ क्रेडिट पहिल्या सत्रात, प्रत्यक्ष काम किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४ दुसऱ्यात, संशोधन प्रकल्पाचे ४ तिसऱ्यात आणि ६ चौथ्यात. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे दुसऱ्या सत्रातले १२० तास फील्डचे आहेत. हे तास मे महिन्यात कसेबसे भरण्यापेक्षा, पुढच्या वर्षीचा प्रकल्प जिथे करायचा त्याच तालुक्यात घालवा. माणसं ओळखीची होतात, आणि तिसऱ्या सत्रात पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही.

मोनोग्राफ कसा वाचायचा

प्रत्येक मोनोग्राफसाठी वहीचं एकच पान ठेवा. वरच्या अर्ध्या भागात सिद्धान्त लिहू नका. तिथे एवढंच लिहा: लेखक कुठे होता, कोणत्या वर्षी, किती महिने, कोणाकडे राहिला, कोणत्या भाषेत बोलला, दुभाष्या होता का, पैसे कोणी दिले. खालच्या अर्ध्यात मुख्य प्रश्न आणि त्यासाठी दिलेले तीन ठोस पुरावे.

याने काय साधतं ते दोन मानवशास्त्रज्ञांच्या उदाहरणांवरून कळेल. मॅलिनोव्हस्की १९१५ ते १९१८ च्या दरम्यान न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रियंड बेटांवर दोनदा लांब मुक्काम करून राहिला आणि तिथली भाषा बोलू लागला. इव्हान्स-प्रिचर्ड न्यूअर लोकांमध्ये १९३० पासून तुकड्यातुकड्यांनी मिळून सुमारे वर्षभर राहिला, तेही सुदानच्या वसाहती सरकारच्या सांगण्यावरून. आपल्या प्रश्नांना लोक उत्तरं टाळत, हे त्याने स्वतःच नोंदवलं आहे. दोघांची पुस्तकं एकाच वजनाची आहेत असं समजून वाचलं, तर परीक्षेत फक्त व्याख्या लिहिता येतात. कोणता पुरावा कशातून आला हे माहीत असेल, तर दोघांची तुलना करता येते, आणि गुण तुलनेला मिळतात.

मराठीतून शिकून आलेल्यांनी एक शब्दवही ठेवावी: इंग्रजी संज्ञा देवनागरीत, शेजारी मराठी शब्द, आणि त्यापुढे आपल्या गावातलं उदाहरण. नातेसंबंधांच्या प्रकरणात तर मराठी विद्यार्थ्याचं काम निम्मं झालेलं असतं. पाठ्यपुस्तकात ‘क्रॉस-कझिन’ आणि ‘पॅरलल कझिन’ समजावायला आकृत्या लागतात. आपल्याकडे मामेभावंडं आणि आतेभावंडं (क्रॉस) एका बाजूला, चुलत आणि मावस भावंडं (पॅरलल) दुसऱ्या बाजूला, असे चार वेगळे शब्दच आहेत. आईच्या भावाच्या मुलीशी म्हणजे मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक जातींत चालतं. चुलत बहिणीशी चालत नाही. कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांची विभागवार मांडणी केली. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्र तिथे महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने.

संक्षेप मात्र पाठच करावे लागतात. वडील एफ, आई एम, भाऊ बी, बहीण झेड, मुलगा एस, मुलगी डी, नवरा एच, बायको डब्ल्यू. ‘एस’ मुलाला दिलेला असल्यामुळे बहिणीला ‘झेड’ आहे, आणि पहिल्या चाचणीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मामेबहीण म्हणजे एम-बी-डी, आतेभाऊ म्हणजे एफ-झेड-एस.

वंशवेल

ही पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सने १८९८ च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वापरून पाहिली आणि १९१० साली सविस्तर मांडली. अजूनही गावात शिरायला यापेक्षा चांगली वाट नाही, कारण आपल्या माणसांबद्दल बोलायला बहुतेकांना आवडतं.

सराव घरी करा. ए-३ आकाराचा कागद आडवा धरा, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, घटस्फोट किंवा काडीमोड झाला असेल तर त्याच चिन्हावर तिरकी रेघ. उभी रेघ संततीची, वरून जोडणारी आडवी रेघ भावंडांची. मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ. ज्याच्यापासून सुरुवात करायची त्याचं चिन्ह काळं भरा. त्याला ‘ईगो’ म्हणतात. भावंडं वयाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. प्रत्येक चिन्हाला क्रमांक द्या आणि माहिती वेगळ्या तक्त्यात लिहा: नाव, जन्माचं गाव, लग्नाआधीचं गाव, शिक्षण, काम, हयात की मृत. सगळं आकृतीतच कोंबलं तर तिसऱ्या पिढीला कागद संपतो.

क्रम असा ठेवा: आधी ईगो आणि त्याची भावंडं, मग आईवडील, मग आईवडिलांची भावंडं, मग आजी-आजोबा, आणि त्यानंतर खाली मुलं-नातवंडं. प्रत्येक जोडप्यापाशी थांबून तीन प्रश्न विचारा. यांना आणखी मुलं झाली होती का? लहानपणी कोणी गेलं का? याआधी किंवा यानंतर लग्न झालं होतं का? हे विचारले नाहीत तर दर वेळी तीच माणसं गळतात: लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या मुली, तान्हेपणी गेलेली मुलं, आणि पहिली बायको. कच्च्या वंशवेलीत पुरुषच पुरुष दिसले, तर समजा की तुम्ही फक्त जमिनीचे वारस लिहिले आहेत.

नवऱ्याचं नाव घेणं अनेक वयस्क बायका टाळतात, काही जणी सासऱ्याचं आणि मोठ्या दिराचंही. आग्रह धरू नका. जावेला, नणंदेला किंवा नातवाला विचारा. ते लगेच सांगतात. कोण कोणाचं नाव घेत नाही हीसुद्धा नोंद आहे, वहीत लिहून ठेवा.

तीच वंशवेल दुसऱ्या घरातल्या एका वयस्क बाईकडून तपासून घ्या. माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही बाजूंची माहिती बायकांना असते, त्यामुळे दुरुस्त्या बऱ्याच निघतात. जुळलं नाही तर कोण खरं बोलतंय ते ठरवायच्या मागे लागू नका. दोन्ही रूपं तारीख घालून ठेवा. फरकामागे अनेकदा वाटणीचा वाद असतो.

शरीरमापन

जैविक शाखेच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी आकडे आणतात, पण त्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हे त्यांना सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं तेच विचारतात.

उंचीसाठी अँथ्रोपोमीटर, म्हणजे मापाच्या खुणा असलेला उभा दांडा, वापरतात. माणूस अनवाणी, टाचा जुळलेल्या, हात मोकळे. डोकं फ्रँकफर्ट पातळीत हवं: कानाच्या छिद्रापुढचा ट्रॅगियन बिंदू आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. अंबाडा असेल तर सोडायला सांगावा लागतो. ते विद्यार्थिनीने विचारलेलं बरं. दांडा तिरका झाला की उंची जास्त भरते, म्हणून एकाने मोजताना दुसऱ्याने बाजूने दांडा बघावा. वाचन मिलिमीटरपर्यंत घ्या. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि संध्याकाळी उंची सुमारे सेंटिमीटरभर कमी भरते, म्हणून वेळ लिहायला विसरू नका. सकाळी मोजलेल्या शाळेची संध्याकाळी मोजलेल्या शाळेशी तुलना करता येत नाही.

फील्डवर जाण्याआधी आपल्या मोजण्यात त्रुटी किती आहे याचा हिशोब करा. वर्गातल्या दहा जणांची उंची दोन वेगळ्या दिवशी, एकाच वेळेला, आधीचे आकडे न बघता मोजा. प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. वर्गांची बेरीज १.८० आली, तर ती भागिले २० म्हणजे ०.०९, आणि वर्गमूळ ०.३ सेंटिमीटर. एवढी त्रुटी चालण्यासारखी आहे. १ सेंटिमीटर आली तर तुमच्या पद्धतीत दोष आहे आणि तो बहुधा डोक्याच्या पातळीचा असतो. हा आकडा अहवालात लिहा.

दंडाच्या मागच्या त्वचेची घडी मोजताना खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर पेनाने खूण करा. खुणेच्या १ सेंटिमीटर वर चिमटीत घडी धरा, कॅलिपर (घडीची जाडी मोजणारा चिमटा) खुणेवर लावा, दोन सेकंदांनी वाचा, तीनदा घेऊन सरासरी काढा. नवशिके चिमटीत स्नायूही धरतात. घडी हलकेच हलवून बघितली की कळतं. कॅलिपर लावून ठेवला तर चरबी दबते आणि आकडा घसरत जातो.

डोक्याचा निर्देशांकही शिकवतात: रुंदी भागिले लांबी गुणिले १००. लांबी १८.४ आणि रुंदी १४.७ असेल तर ७९.९, म्हणजे मध्यम. हे गणित परीक्षेसाठी जरूर करा, पण त्यावरून जातीची किंवा वंशाची अनुमानं काढू नका. नाकाच्या निर्देशांकावरून (रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण) जातींची उतरंड लावायचा रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याचा खटाटोप घुर्ये यांनी १९३२ साली तपासला आणि उत्तर भारतातल्या मर्यादित भागाबाहेर तो संबंध टिकत नाही हे दाखवलं. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजली, तर एका पिढीत आकार बदललेला निघाला. कर्वे यांनी तर बर्लिनमध्ये, वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली, कवट्यांच्या असमानतेवर १९३० साली पीएच.डी. केली, आणि त्याला अपेक्षित असलेला वंशभेद आकड्यांत नाही असंच लिहिलं. मार्गदर्शक समोर बसलेला असताना आकड्याला धरून राहणं किती कठीण असतं, हे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा मनाशी तोलून पाहावं.

गाव आणि हंगाम

प्रकल्पाची जागा निवडताना नकाशाआधी हंगाम बघा. सह्याद्रीच्या पट्ट्यात जून-जुलैत भातलावणी चालू असते. दिवसा घरात कोणी सापडत नाही आणि रात्री कोणाला बोलायचं त्राण नसतं. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. जानेवारीत त्या वाडीवर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील, आणि तुमच्या पाहणीत वाडी म्हाताऱ्यांची ठरेल. एक तर पावसाळ्यात जा, नाही तर भट्टीवरच काम करा. गडचिरोलीत मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि मे तेंदूपत्त्याचा. हा काळ काम बघायला उत्तम, बसून मुलाखती घ्यायला वाईट.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्यांची रीघ असते. तुमच्या प्रश्नाला त्याच समाजाची खरोखर गरज आहे का, हे मार्गदर्शकाशी आधी बोला. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय आणि संग्रहालय प्रस्ताव लिहिण्याआधी बघा. विदर्भातल्यांना भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं नागपूरचं केंद्र जवळ पडतं.

परवानगी तीन ठिकाणांहून लागते: विभागाचं पत्र, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आणि गावाची संमती. ग्रामसभा किंवा वाडीच्या बैठकीत उभं राहून आपण कोण, काय विचारणार, किती दिवस राहणार, माहितीचं काय करणार आणि नाही म्हणायला मोकळीक आहे हे पाच मुद्दे बोला. रक्त किंवा लाळेचे नमुने घ्यायचे असतील तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. समितीच्या मान्यतेशिवाय एकही नमुना घेऊ नका. मुलांची मापं घेताना शाळेची परवानगी पुरत नाही, पालकांचीही हवी.

सहावा मुद्दा सांगायला लोक विसरतात: आपण कोणतीही योजना आणलेली नाही. वही घेऊन घरोघर फिरणारा माणूस घरकुलाच्या यादीसाठी आलाय असा समज होतो, मग घरं कागदावर विभक्त होतात आणि उत्पन्न कमी सांगितलं जातं. सरपंचाच्या घरी मुक्काम केला, तर त्याच्या विरोधातली आळी तुमच्याशी बोलणार नाही. आश्रमशाळेत राहिलात, तर तुम्ही सरकारी.

घरयादी, प्रश्न आणि वही

पहिले दोन दिवस नकाशा आणि घरयादी. पावलांनी अंतर मोजून वाडीचा कच्चा नकाशा काढा आणि घरांना क्रमांक द्या. कुटुंबाची व्याख्या चुलीवरून करा: एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. ही व्याख्या पहिल्या दिवशी ठरवली नाही, तर गटातले चार विद्यार्थी चार प्रकारे मोजतात आणि नंतर बेरीज जुळत नाही.

‘तुमच्यात लग्नाच्या काय प्रथा आहेत?’ असं विचारलं की लोक पाहुण्याला सांगायचं ते सांगतात. त्याऐवजी, ‘मावशी, वाडीत शेवटचं लग्न कोणाचं झालं? पहिल्यांदा कोण बोलायला गेलं? मग काय झालं?’ असं विचारा. घडलेल्या एका लग्नातून मध्यस्थ, देणंघेणं, रुसवेफुगवे, कर्ज सगळं निघतं. ‘का?’ हा प्रश्न लवकर विचारू नका. त्याचं उत्तर ‘आमच्यात तसंच असतं’ हेच येतं. तीन लग्नांची हकीकत जमल्यावर त्यांतले फरक दाखवून विचारलंत, तर कारणं मिळतात.

वही दोन पातळ्यांवर चालते. खिशातल्या छोट्या वहीत फक्त सुटे शब्द, नावं, आकडे. मोठ्या वहीत त्याच रात्री पूर्ण लिखाण. झोपून उठल्यावर संभाषणाचा क्रम आणि नेमके शब्द हरवतात. उरतो तो तुमचा सारांश. तासाभराच्या गप्पांना लिहायला दोन तास धरा, म्हणजे दिवसाला दोन लांब मुलाखतींपेक्षा जास्त घेऊ नका. पानाचे तीन भाग करा: मी पाहिलं, त्यांनी सांगितलं, मला वाटलं. बोलीतले शब्द जसेच्या तसे लिहा, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. ध्वनिमुद्रण केलं असेल तरी लिहा. बोलीतल्या तासाभराच्या मुद्रणाचा मजकूर उतरवायला पाच-सहा तास जातात आणि बहुतेकांची मुद्रणं तशीच पडून राहतात. दर पाचव्या दिवशी काम बंद ठेवून सगळी वही वाचा आणि राहिलेल्या प्रश्नांची यादी करा.

खरी नावं आणि सांकेतिक नावं यांची यादी वेगळ्या वहीत ठेवा. रोज पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात १९४८ साली फील्डवर्क केलं. वर्षानुवर्षं वर्गवारी करून तयार केलेल्या त्यांच्या नोंदी १९७० मध्ये स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत जळाल्या. मूळ वह्या भारतात राहिल्या होत्या, तरी पुढचं पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणीतून लिहिलं. एमएच्या विद्यार्थ्याकडे तेवढा मुक्कामही नसतो आणि तेवढी आठवणही.

लिखाण

परतल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहायला घ्या, आणि सुरुवात पुराव्याच्या प्रकरणापासून करा. प्रस्तावना शेवटी. सर्वांत कमजोर प्रकरण बहुधा ‘जमातीची ओळख’ हे असतं, कारण ते रसेल-हिरालाल (१९१६) किंवा एंथोवेन (१९२०-२२) यांच्या जाती-जमातींवरच्या जुन्या ग्रंथांतून उचललेलं असतं आणि शंभर वर्षांपूर्वीचा पेहराव आजचा म्हणून छापला जातो. जुना संदर्भ देताना वर्ष वाक्यातच लिहा, आणि पुढच्याच वाक्यात तुम्हाला काय दिसलं ते.

प्रत्येक तक्त्याखाली नमुना किती घरांचा, कोणत्या महिन्यातला, किती घरं बंद होती हे द्या. तीस घरांच्या वाडीत टक्केवारी देताना संख्या शेजारी हवीच. ‘३३ टक्के’ म्हणजे दहा घरं, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

यूपीएससीला हा विषय वैकल्पिक घेणाऱ्यांना दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण असतात. तिथेही वंशवेलीची नेटकी आकृती आणि महाराष्ट्रातलं स्वतः पाहिलेलं उदाहरण उपयोगी पडतं. पण फक्त त्या परीक्षेसाठी एमए करत असाल तर फील्डवर मन लागणार नाही. त्यापेक्षा विषय घरी अभ्यासा.

प्रबंध जमा केल्यावर दोन पानांचा मराठी सारांश वाडीच्या बैठकीत वाचून दाखवा आणि ग्रामपंचायतीत त्याची प्रत ठेवा. मुलांच्या वजन-उंचीत काही काळजी करण्यासारखं आढळलं असेल, तर ते त्या पालकांना आणि अंगणवाडीताईंना प्रबंधाची वाट न बघता, मोजल्याच्या आठवड्यातच कळवा. वंशवेलीची प्रत मात्र ज्या घराने सांगितली त्याच घराला द्या. दुसऱ्या घराने मागितली तर आधी पहिल्या घराला विचारा, कारण वारसाच्या खटल्यात तो कागद पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.